साहेब पाणी पिऊन गेले

भैयाजी थकला होता. कामानं थकलेला माणूस रात्री पाठ टेकतो आणि सकाळी पुन्हा उभा राहतो. भैयाजीचं थकणं तसलं नव्हतं. तो अर्ज करून थकला होता. मांडवखेडला नळ यावा म्हणून त्यानं इतके अर्ज लिहिले होते, की घरच्या माणसाशी बोलतानाही त्याच्या तोंडून ‘कृपा करून’ निघून जायचं आणि बायको पंचफुला हसायची. हसायची, म्हणजे पूर्वी हसायची.

मांडवखेड हा सिंदी स्टेशनपासून दमणीनं, म्हणजे बैलांच्या छोट्या गाडीनं, दोन-अडीच तासांवरचा कसबा. कापसाचा एक जिन, एक शाळा, आठवड्याचा बाजार, आणि गावाची स्वतःची म्युनिसिपल कमेटी. कमेटी होती म्हणून शहर म्हणायचं, नाहीतर संध्याकाळी चौकातला कंदील कोणी लावायचा यावरसुद्धा तिथं भांडणं होत. भैयाजी या कमेटीत राखीव जागेवरचा सभासद होता. हंगामात जिनात राबायचा, एरवी मिळेल ती मजुरी करायचा. अक्षर बरं होतं, एवढ्या एका गुन्ह्यासाठी नळाचं सगळं लिखाण त्याच्या गळ्यात पडलं होतं.

पहिला अर्ज गेला तेव्हा राजधानी नागपूरला होती. सकाळच्या गाडीनं जावं, कचेरीच्या व्हरांड्यात बसावं, कोणीतरी ‘होऊन जाईल’ म्हणावं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यावं, असा क्रम कित्येक वर्षं चालला. त्याच्या सोबतीला कमेटीचे अध्यक्ष नत्थूजी असायचे. नत्थूजी म्हणजे जुने कुणबी शेतकरी, पायानं अधू, जिभेनं खडखडीत. एकदा मोजणीची माणसं आली आणि ठिकठिकाणच्या दगडांना लाल रंग लावून गेली. गावानं लोकवर्गणी जमवली. आता नळ आलाच असं वाटत असतानाच छप्पन सालच्या नोव्हेंबरात प्रांतच मोडला. इकडचा मुलूख मुंबईला जोडला, तिकडचा भोपाळला. टेबल-खुर्च्या वाटल्या गेल्या, कपाटं वाटली गेली, आणि त्या वाटणीत मांडवखेडचा नळ कोणाकडं गेला ते कोणालाच सांगता येईना. एक बाबू म्हणाला भोपाळ, दुसरा म्हणाला मुंबई. तिसऱ्यानं नुसता चहा पाजला. त्यातल्या त्यात तोच खरा बोलला, असं नत्थूजी म्हणायचे.

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नवं राज्य, नवे साहेब, नवे नमुने. आणि अठ्ठावन्न सालच्या वैशाखात बातमी आली की जिल्ह्यातल्या लहान गावांच्या पाण्यासाठी योजनेतून पैसा सुटला आहे. पण सुटला तो एकाच गावापुरता, आणि रांगेत गावं तीन. एक साहेब ऐन उन्हाळ्यात तिन्ही गावांचं पाणी डोळ्यांनी पाहणार आणि तो म्हणेल त्या गावाला नळ. बाकीच्या दोघांनी पुढच्या पंचवार्षिक योजनेपर्यंत वाट पाहायची.

भैयाजीला हा नळ हवा होता तो कमेटीच्या इभ्रतीसाठी नव्हे. त्याच्या वस्तीतली विहीर शिमगा गेला की आटायची. मग बाया नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणत, म्हणजे वाळूत हातभर खड्डा, आणि त्यात पाझरेल तेवढं पाणी कटोऱ्यानं घागरीत भरत. भरलेली घागर डोक्यावर घेऊन नदीचा उतार चढावा लागे. गेल्या वैशाखात त्या उतारावर पंचफुलाचा पाय घसरला. लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच तिला दिवस गेले होते. ते लेकरू उतारावरच गेलं. घरी आणल्यावर ती रडली नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, आणि भैयाजी तिच्या पायाशी बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “नळ आनतो मी. वस्तीत आनतो.” आता तिला पुन्हा दिवस होते. नदीकडं फिरकायचं नाही, अशी त्यानं तिला शपथ घातली होती आणि म्हातारी आई, तानाबाई, तिच्या वाटच्या खेपा करत होती.

साहेब येणार म्हणून कमेटीत बैठक झाली. नत्थूजींनी सगळ्यांना चहा दिला आणि बाकीचे गेल्यावर भैयाजीला थांबवून घेतलं.

“गावातल्या विहिरीले पानी हाय, भैयाजी,” ते म्हणाले. “खारट हाय, पन हाय. साहेबानं दोर टाकला का बादली भरून येते. थो काई चाखून पाह्यनार नाई. तुमच्या वस्तीतली विहीर मात्र ठणठणीत कोरडी. आपन थेच दाखवू.”

भैयाजीनं मान डोलावली. ज्या विहिरीकडं गावानं आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं, तीच आता गावाला नळ मिळवून देणार होती. त्याला हसूही आलं नाही.

“बायाईले विहिरीभवती बसाले सांगजा,” नत्थूजी पुढं म्हणाले. “हाती कटोरा असू द्या. अन् लुगडं जरासं फाटकं असलं तं आनखी बरं. मी वाईट मनानं नाई बोलून राह्यलो. साहेब लोकाईले डोयानं दिसल्याबिगर समजत नाई, म्हनून म्हनतो.”

ते वाईट मनानं बोलत नव्हते, हे भैयाजीला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी कोणी असं बोललं असतं तर तो उठून गेला असता. नागपूरला जाऊन वस्तीनं दीक्षा घेतली होती, तेव्हापासून वस्तीतल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं, कोणाच्या दारी भाकर मागणं सोडलं होतं, आणि त्यापायी गावातल्या कित्येकांकडची मजुरीही गमावली होती. पण इतक्या वर्षांच्या हेलपाट्यांनी भैयाजीच्या रागाचीही धार गेली होती. फाटक्या लुगड्यानं नळ येत असेल तर येऊ दे, असं त्याच्या मनात आलं, आणि तो म्हणाला, “सांगतो जी.”

संध्याकाळी त्यानं बायांना वस्तीच्या चावडीपुढं गोळा केलं आणि सगळं समजावून सांगितलं. सांगताना तो जमिनीकडं पाहत होता.

तानाबाईनं मधेच विचारलं, “साहेब वस्तीत येतीन? का रस्त्यावरूनच पाह्यतीन?”

“अंदर येतीन, माय. विहीर पाह्याची हाय त्याईले.”

“मंग बसतीन. बसले का पानी द्या लागन.”

“माय, पानी द्याचं नाई. पानी नाई, हे दाखवाचं हाय.”

पोराच्या डोक्यात काही बिघडलं आहे की काय, अशा नजरेनं म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं. “घरी आलेल्या मानसाले पानी नाई म्हनू?”

“म्हनाचं नाई, नुसतं दिसू द्याचं.”

पंचफुला मागं उभी होती. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, “लुगडं फाटकंच पाह्यजे का?”

“असलं तं,” भैयाजी म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. मग बाकीच्या बायाही एकेक करून ‘बरं’ म्हणाल्या आणि घरोघर गेल्या. वस्तीतल्या बाया भांडल्याशिवाय एखाद्या गोष्टीला कबूल होतात म्हणजे पुढं काहीतरी उलटं व्हायचं असतं, हे एरवी त्याच्या ध्यानात आलं असतं. त्या दिवशी त्याला फक्त बोलणं लवकर संपलं याचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो नत्थूजींच्या दमणीतून सिंदीला गेला. साहेबाची गाडी तिसऱ्या दिवशी उजाडता यायची होती, आणि नत्थूजींचं आदल्या दिवशी सिंदीच्या बाजारात काम होतं. दोघं धर्मशाळेत उतरले. त्यामुळं मागं वस्तीत दिवसभर काय चाललं होतं त्याचा भैयाजीला पत्ता नव्हता.

साहेब सकाळच्या पॅसेंजरनं उतरले. पुण्याकडचा उंच, वाळलेला माणूस. डोक्यावर सोला हॅट, हातात कातडी घरातली मापाची टेप. चेहरा असा की कालही झोप झाली नसावी आणि परवाही. दमणीत बसल्यावर त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं, डोळे न उघडताच ते बोलले.

“काल एका गावात विहीर उपसून ठेवली होती. काठावरची माती अजून ओली. लोकांना वाटतं, साहेबाला काय कळतंय.”

नत्थूजींना एकदम खोकला आला.

“त्याच्या आधीच्या गावात शंभर माणसं माझ्यापुढं रडली. खरं रडत असतील, नसतील. मी काय ठरवू? म्हणून आता मी कोणाला काही विचारत नाही. टेप सोडतो, जे निघेल ते लिहितो. दुपारच्या गाडीनं मला वर्ध्याला परत जायचंय, तेवढं पाहा.”

भैयाजीला हे ऐकून कित्येक महिन्यांनी हायसं वाटलं. आपली विहीर खरीच कोरडी आहे. उपसायला नको, रडायला नको. टेप तळाला जाऊन टक्कन वाजेल आणि काम होईल. फाटक्या लुगड्यांचा निरोप आपण उगीच दिला, याची त्याला लाज वाटली, आणि घरी गेल्यावर पंचफुलाला तसं सांगायचंही त्यानं ठरवून टाकलं.

वस्तीच्या तोंडाशी दमणी थांबली तेव्हा भैयाजी आधी उतरला, आणि उतरला तिथंच उभा राहिला.

वाट झाडलेली होती. वाटेवर सडा होता. वैशाखात, पाण्याचा सडा. चावडीपुढं बाज टाकून तिच्यावर धुतलेली गोधडी घातली होती, शेजारी भरलेला रांजण, त्यावर घासलेला पितळी गडवा. आणि बाया उभ्या होत्या दोन्ही बाजूंनी, पांढरी लुगडी नेसून. दीक्षेच्या दिवशी नागपूरला नेसलेली आणि नंतर पेटीत घडी करून ठेवलेली ती लुगडी होती. एकीच्याही पदराला भोक नव्हतं.

“हे काय जी?” नत्थूजी त्याच्या कानाशी लागले.

साहेब मात्र सरळ आत गेले आणि बाजेवर बसले. आजवर जो कोणी साहेब आला तो वस्तीबाहेर रस्त्यावर उभा राहून, रुमालानं कपाळ पुसत, बोट दाखवून विचारत असे. हा पहिला माणूस वस्तीत येऊन बसला. तानाबाईनं गडवा भरून दोन्ही हातांनी पुढं केला. साहेबांनी तो घेतला, घटाघटा संपवला आणि परत पुढं केला. तिनं पुन्हा भरून दिला. तोही संपला.

“पाणी गोड आहे हो,” साहेब म्हणाले.

तानाबाईचं तोंड असं उजळलं की भैयाजीनं ते जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं तिसरा गडवा भरून नत्थूजींपुढं धरला. अडीच तास उन्हात हिंदकळत आलेले नत्थूजी म्हणाले, “मले तहान नाई, बाई.” त्यांच्या ओठांना कोरड पडलेली सगळ्यांना दिसत होती. तिनं गडवा शांतपणे मागं घेतला. आज तिला कोणाचं वाईट वाटायचं नव्हतं.

“पुरतं ना आजी तुम्हाला पाणी?” साहेबांनी विचारलं. सहज, बोलायचं म्हणून.

“पुरते न, बापा! तुमी प्या आनखी.”

पाहुणा पानावर बसलेला असताना ‘तुम्हाला उरलं का’ असं विचारतो, तेव्हा कोणती बाई ‘नाही उरलं’ म्हणते? टोपलीत भाकर नसली तरी ती ‘रगड हाय, घ्या’ म्हणते. तानाबाई तशीच बोलली. भैयाजी घाईनं पुढं झाला आणि म्हणाला, “साहेब, विहीर पाहू या.”

विहिरीच्या काठावर काळ्या गाळाचा ढीग होता, ताजा उपसलेला. भैयाजी वाकला. खाली पाणी चमकत होतं. साहेबांनी टेप सोडली. टक्कन आवाज आला नाही. टेप बुडाली, तळाला टेकली, वर आली. कंबरभर पाणी. साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि लिहिलं.

भैयाजीनं मान वळवली. बायांच्या रांगेत पंचफुला उभी होती. तिच्या डोक्यावर चुंबळीचा गोल दबलेला दिसत होता आणि खांद्यावरचं पांढरं लुगडं अजून दमट होतं. हिनंही खेपा केल्या. शपथ मोडून, पोटात लेकरू घेऊन, त्याच उतारावरून. त्याला भीती वाटली, राग आला, आणि इतक्या वर्षांचे सगळे व्हरांडे आणि सगळे ‘होऊन जाईल’ एकदम आठवले.

“साहेब,” तो मोठ्यानं म्हणाला, “हे पाणी खोटं आहे!”

साहेबांनी वळून पाहिलं.

“म्हणजे?”

“ओतलेलं आहे. बायांनी नदीवरून डोक्यावर आणून ओतलंय. ही विहीर शिमग्यापासून कोरडी आहे, साहेब. तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबा, सगळं जिरून जाईल. कृपा करून थांबा.”

साहेबांनी पेन्सिल तशीच धरून तानाबाईकडं पाहिलं. “खरं का, आजी?”

तानाबाईच्या हातात अजून गडवा होता. हो म्हणावं तर पाहुण्यापुढं आपण खोटं ठरतो, नाही म्हणावं तर पोरगा खोटा ठरतो. ती नुसती उभी राहिली. तिच्या तोंडावरचा मघाचा उजेड गेला, आणि तो जाताना भैयाजीला स्पष्ट दिसला.

पंचफुला बोलली. “आमच्यात रीत हाय, साहेब. विहिरीचा गाळ काढला का घरपरती एक घागर आनून ओताची. झऱ्याले वाट सापडते म्हनून. तुमी येनार म्हनून काल गाळ काढला, अन् आज पहाटे पानी ओतलं. गाळ दाखवाले बरं नाई वाटलं.”

“घरटी एक घागर?” साहेबांनी कंबरभर पाण्याकडं पाहिलं.

“एकच ओताची असते,” ती म्हणाली.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “थांबलो असतो हो,” ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यावरून ते खरंच थांबले असते असं वाटलं. “पण आज वर्ध्याला कागद द्यायचेत आणि उद्या दुसरा जिल्हा. टेपेला जे लागलं ते मी लिहिलंय. तुमचं म्हणणं खाली लिहितो.”

खाली लिहिलेलं कोणी वाचत नाही, हे भैयाजीला आणि नत्थूजींना इतक्या वर्षांत चांगलं कळलं होतं. साहेबांनी खाली दोन ओळी लिहिल्या, टेप पुसून तिच्या कातडी घरात घातली, आणि जाताना तानाबाईला हात जोडून म्हणाले, “पाणी चांगलं होतं, आजी.” दमणीत चढताना नत्थूजींनी भैयाजीकडं वळून पाहिलं. “इतक्या वर्साचं काम तुमच्या बायाईनं एका दिवसात बुडवलं,” ते म्हणाले, आणि बैल हाकले.

त्या दिवशी भैयाजी विहिरीच्या काठावरच बसून राहिला. पाणी खाली जात होतं. ऊन कलायच्या आत तळाचा मुरूम दिसायला लागला. मग बाया आल्या, रोजची लुगडी नेसून. एकजण दोर धरून खाली उतरली आणि राहिलेलं पाणी त्यांनी कटोऱ्यानं घागरींत भरून नेलं. वाया कशाला घालवायचं? त्याच्याशी कोणी बोललं नाही, आणि जेवायला चल म्हणून बोलवायलाही कोणी आलं नाही. तो स्वतःच उठून घरी गेला.

घरी भांडण झालं नाही, हेच वाईट. पंचफुला भाकर करत होती, वाढत होती, पण बोलायची ती सासूशी. “माय, त्याईले आनखी पाह्यजे का इचारा.” आणि तानाबाई काही न विचारताच वाढायची. भैयाजी रोज मजुरीला जाई, रोज येई. आपण खरं बोललो, त्यात काय चुकलं, असं तो मनाशी घोकत होता. पण पाहुण्यापुढं हात गोठून उभी राहिलेली आई डोळ्यांपुढून हलत नव्हती.

ज्येष्ठात नत्थूजींनी त्याला कमेटीत बोलावलं. त्यांचा राग एव्हाना उतरला होता; त्यांच्या वयाला राग फार दिवस धरवत नाही. “आष्टीकडच्या एका गावाचं नाव लागलं,” ते म्हणाले. “आपला इचार पुढच्या योजनेत. बसा. अर्जाची सुरुवात कशी कराची ते पाहू.” भैयाजी म्हणाला, उद्या पाहू, आणि निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं अर्ज उद्यावर टाकला.

घरी पंचफुला ओसरीवर सूप घेऊन डाळ पाखडत होती. तिचं पोट आता दिसायला लागलं होतं. तो तिच्यासमोर बसला.

“नाव नाई लागलं,” तो म्हणाला. “आष्टीकडल्या गावाले भेटला.”

तिचा हात थांबला. “चाला. तिथल्या बायाईचं बरं झालं.”

“तुले काईच नाई वाटत?”

“काऊन नाई वाटन?” इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याकडं पाहून बोलली. “लेकरू झालं का त्याले काखेत घेऊन मलेच जा लागते ना थ्या उतारावर. मले नाई वाटन तं कोनाले वाटन?”

“मंग काऊन ओतलं? एक घागर रीतीची, समजलो. कंबरभर काऊन?”

पंचफुलानं सूप खाली ठेवलं. “घरपरती एक ओतली, तं थे तळाले दिसली बी नाई. साऱ्या बाया वाकून पाहून राह्यल्या होत्या. मीच म्हनलं, आना आनखी. माह्या लग्नापासून थ्या विहिरीत मी वैशाखात पानी पाह्यलं नोतं. वाटलं, साहेब पाह्यतीन तवा एक डाव भरलेली दिसू द्याव.”

“तू गेली नदीवर. शपथ घातली होती मी.”

“दोन खेपा केल्या. हळूहळू केल्या. माय धरून होती मले.”

“मले इचारलं तं असतं.”

“तुमी आमाले फाटके लुगडे नेसाले सांगून गेलते. तुमाले काय इचारू?”

भैयाजीनं ओसरीची भुई नखानं कोरली. मग हळूच म्हणाला, “मी खरं नोतं सांगाले पाह्यजे का?”

“सांगाले पाह्यजे होतं,” ती म्हणाली. “थे सांगतलं थे बरंच केलं. नाईतं साहेबाले कसं समजलं असतं?” ती थांबली. तिचे डोळे भरून आले होते. गेल्या वैशाखातही ते असे भरले नव्हते. “पन तुमी म्हनलं, हे पानी खोटं हाय. साहेब मायच्या हातानं पेले. दोनदा पेले, मांगून पेले. आपल्या घरचं कोनी कवा मांगून पेलं होतं? विहीर खोटी हाय म्हनलं असतं, चाललं असतं. आमी बाया येड्या हाय म्हनलं असतं, थे बी चाललं असतं. पानी काऊन खोटं म्हनलं? पानी तं खरं होतं. आमी वाह्यलं होतं.”

तिनं पदरानं डोळे पुसले आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

भैयाजी उठला. आत तानाबाई चुलीपाशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं. तो दाराशी उभा राहिला. माफी कशी मागतात हे त्याला येत नव्हतं. कागदावर असती तर लिहिली असती.

“माय,” तो म्हणाला, “तहान लागली. पानी दे वं.”

तानाबाई लगेच उठली नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात पुसले, मग गुडघ्यांवर जोर देत उठली आणि रांजणातून गडवा भरून त्याच्यापुढं धरला.

“नदीचं हाय,” ती म्हणाली. “चालन का तुले?”

भैयाजीनं दोन्ही हातांनी गडवा घेतला आणि तोंडाला लावला. रिकामा झाल्यावर त्यानं तो परत तिच्यापुढं केला.